चाकांवरची बैठक: प्रस्तावना

दहा बाय वीस फुटांचा गाळा यंत्रांनी भरून जातो असे आपण म्हणतो, पण खरी जागा खातो तो माल. सर्क्युलर करवतीचे टेबल तीन-साडेतीन फुटांचे असते. त्यावर आठ फुटी प्लायवुड उभे चिरायचे म्हटले की पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळे लागतात. रंधा मशीनचे तेच, थिकनेसरचेही तेच. फॅब्रिकेशनवाल्याने वीस फुटी पाइप कटिंग मशीनला लावला की त्याचे टोक शटरबाहेर रस्त्यावर जाते. प्रत्येक यंत्राला अशी स्वतंत्र जागा देणे भोसरीतल्या किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लहान कारखानदाराला परवडणारे नाही. पण सगळी यंत्रे एकाच वेळी चालतही नसतात. चालणारे यंत्र मध्यभागी आणि बाकीची भिंतीला, एवढी सोय झाली तरी तोच गाळा पुरतो. जड यंत्राखाली चाकांची बैठक करण्याचा विचार इथून सुरू होतो.

दुसरा फायदा साफसफाईचा. भिंतीला कायमचे चिकटलेले यंत्र मागून कधीच पुसले जात नाही. मोटरच्या पंख्यावर भुशाचा थर बसतो, मोटर तापू लागते आणि दोष व्होल्टेजला दिला जातो. कोकणात पावसाळ्याचे चार महिने भिंतीची ओल थेट यंत्राच्या पाठीत उतरते. समोरून तेलपाणी केलेले टेबल चकचकीत आणि मागची बाजू गंजून लाल, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. यंत्र हातभर पुढे ओढता येत असेल तर हे सगळे टळते.

बैठक करायची ठरली की बहुतेक जण सुरुवात चाकांपासून करतात. चार कॅस्टर आणायचे, अँगलची चौकट वेल्ड करायची, चार कोपऱ्यांत कॅस्टर बसवायचे आणि वर यंत्र चढवायचे. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. यंत्र हलते आठवड्यातली काही मिनिटे. उरलेला सगळा वेळ ते एका जागी उभे असते आणि काम चालू असताना ते तसूभरही सरकता कामा नये. पात्यावर लाकूड ढकलणारा माणूस यंत्रालाही ढकलत असतो, हे विसरून चालत नाही. म्हणून बैठक आधी उभी राहण्यासाठी आखावी आणि हलण्याची सोय तिच्यात नंतर बसवावी. काम चालू असताना यंत्राचा भार चाकांवर नसावा, जमिनीला टेकलेल्या पायांवर असावा. या पुस्तिकेतली प्रत्येक रचना याच कसोटीवर निवडली आहे. दिसायला देखण्या अशा बऱ्याच रचना त्याच कसोटीवर वगळल्याही आहेत.

‘ब्रेकवाले कॅस्टर घेतले की झाले’ असे दुकानदार सांगतो. ब्रेक चाकाला फिरू देत नाही, हे खरे. पण कॅस्टरचा वरचा भाग ज्या छर्ऱ्यांवर गोल फिरतो, तिथला प्ले तसाच राहतो. चार कोपऱ्यांतला तो थोडा थोडा प्ले एकत्र आला की बँडसॉचे पाते सुरू होताच सगळे यंत्र थरथरू लागते आणि कापाच्या कडेवर त्याच्या लहरी उमटतात. पाते बदलून, बेल्ट बदलून हा दोष जात नाही, कारण तो खाली आहे.

यंत्र हलवण्याची कल्पना तशी फार जुनी नाही, आणि त्याला कारण आहे. विजेच्या छोट्या मोटरी येण्याआधी कारखान्यात छताखालून एक लांब शाफ्ट फिरत असे आणि प्रत्येक यंत्राला त्यावरून पट्टा उतरत असे. यंत्राची जागा शाफ्टच्या पुलीने ठरवून दिलेली. ते वीतभर सरकले तरी पट्टा उतरायचा. म्हणून यंत्र काँक्रीटमध्ये फाउंडेशन बोल्टने जखडणे हीच रीत होती. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली तेव्हा हे बंधन सुटले, पण बोल्ट मारण्याची सवय पुढे बराच काळ टिकली. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर लोक घरच्या गॅरेजात सुतारकाम करू लागले. गाडी आणि यंत्रे एकाच छपराखाली ठेवायची असल्याने हा प्रश्न तिथे ठळकपणे पुढे आला. हान्स गोल्डश्मिट यांनी 1947 मध्ये आणलेले ‘शॉपस्मिथ’ हे करवत, खराद आणि ड्रिल एकाच मोटरवर चालवणारे यंत्र त्याच गरजेतून आले. आपल्याकडे हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे किंवा एचएमटीचे लेथ ज्यांनी घेतले त्यांनी ते पक्क्या पायावरच बसवले, आणि लेथपुरते ते बरोबरच होते. त्याचे कारण पुढे येईलच.

आज लहान कारखान्यात यंत्र हलवायचे म्हणजे पहार, पाइपचे तीन-चार तुकडे आणि शेजारच्या गाळ्यातली चार माणसे. पहारीने एक बाजू उचलायची, खाली पाइप सरकवायचा, ढकलत न्यायचे, मागे सुटलेला पाइप पुन्हा पुढे घालायचा. अनुभवी हातांत ही पद्धत चांगली चालते आणि वर्षा-दोन वर्षांतून एकदा करायचे काम असेल तर बैठकीचा खर्च करू नये, असेच मी सांगेन. पण हे रोजचे झाले की पायाची बोटे आणि पाठ, दोन्ही धोक्यात येतात. शिवाय पहार कुठे घालायची याचे भान घाईत राहत नाही. बीड हे ओतीव लोखंड दाब चांगला सोसते, पण वाक आणि ठोका सोसत नाही. पायाचा कान एकदा तुटला की तो वेल्डिंगने पूर्वीसारखा जोडणे अवघड असते.

बैठकीची पहिली पायरी वजन. यंत्राच्या पाटीवर किंवा पुस्तकात एकूण वजन मिळते, पण आपल्याला हवे असते ते कुठल्या बाजूला किती हे. यासाठी भंगारवाल्याकडचा प्लॅटफॉर्म काटा पुरतो. यंत्राची एक बाजू जॅकने उचलून काट्यावर टेकवायची आणि दुसरी काट्याएवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर. आकडा लिहायचा, मग बाजू बदलायची. समजा, दोन टेकूंमध्ये 600 मिमी अंतर आहे. मोटरच्या बाजूला 240 किलो आले आणि दुसऱ्या बाजूला 120. एकूण 360 किलो, आणि गुरुत्वमध्य मोटरच्या बाजूपासून 200 मिमीवर. एवढ्या एका आकड्यावर पुढची निम्मी आखणी उभी राहते, तरी हे मोजमाप क्वचितच कुणी करते. गुरुत्वमध्याची उंची अशी सहज काढता येत नाही. मोटर, बिडाचे टेबल आणि बँडसॉ असेल तर त्याचे वरचे चाक यांच्याकडे पाहून ती अंदाजे ठरवावी आणि अंदाज वरच्या बाजूला चुकलेला बरा.

आता तीन पाय की चार, हा प्रश्न. तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतात, चारांतला एक नेहमी अधांतरी राहू पाहतो. आपल्या गाळ्यांतली जमीन क्वचितच सपाट असते. कोबा असला तरी शटरकडे किंवा मोरीकडे उतार काढलेला असतो. त्यामुळे तीन पायांचा मोह होतो. पण त्याची किंमत स्थैर्यात मोजावी लागते आणि ती किती, ते आकड्यांत पाहावे. 600 मिमी चौरस बैठकीच्या चार कोपऱ्यांत पाय असतील आणि गुरुत्वमध्य बरोबर मध्यावर असेल, तर कुठल्याही बाजूला कलंडण्याची रेषा मध्यापासून 300 मिमी दूर असते. त्याच चौकटीला एका बाजूला दोन चाके आणि समोरच्या बाजूच्या मध्यावर एक, असे तीन टेकू दिले तर तिरक्या बाजूची रेषा फक्त 134 मिमीवर येते. स्थैर्य निम्म्याहूनही कमी झाले आणि वरून पाहणाऱ्याला बैठक तेवढीच रुंद दिसते. हा धोका डोळ्यांना दिसत नाही म्हणूनच तो मोठा आहे.

वजनाचा आकडा इथे कामी येतो. मघाच्या उदाहरणात दोन चाके मोटरच्या जड बाजूला दिली, तर गुरुत्वमध्य त्रिकोणाच्या बरोबर मध्यबिंदूवर येतो. तिन्ही चाकांवर 120-120-120 किलो असा सारखा भार पडतो आणि तिरकी रेषा 134 ऐवजी 179 मिमीवर जाते. चाके तीच, लोखंड तेवढेच, फक्त दिशा बदलली. उलट दिशेने बसवली असती, तर हेच यंत्र वळणावर धोकादायक झाले असते. शिवाय गोल फिरणाऱ्या कॅस्टरचे चाक त्याच्या खिळीच्या थेट खाली नसते, थोडे मागे असते. ते आतल्या बाजूला वळले की टेकूही आत सरकतो. म्हणून हिशेब नेहमी चाक आत वळलेले धरूनच करावा. आणि चार चाकांची बैठक असली तरी एका चाकाची क्षमता ठरवताना एकूण वजनाला चाराने नव्हे, तिनाने भागावे, कारण उंचसखल जमिनीवर चौथे चाक भार घेईलच असे नाही.

चाकाच्या आकाराबद्दल एक गणित मला फार महत्त्वाचे वाटते. टणक चाकांवरचे 400 किलोचे यंत्र सपाट कोब्यावर ढकलायला 10-15 किलोचा जोर पुरतो. पण जुन्या गाळ्यांत शहाबादी फरशी असते आणि तिची एखादी कड शेजारच्या फरशीहून 5 मिमी वर आलेली असते. पुढची दोन्ही चाके तिथे अडली, तर 100 मिमी व्यासाच्या चाकांना ती कड चढायला साधारण 100 किलोचा जोर लागतो. चाके 75 मिमीची असतील तर 120 च्या आसपास, 150 मिमीची असतील तर 80 च्या आसपास. हे आकडे ढकलणाऱ्याचे हात चाकाच्या आसाइतक्या खाली आहेत असे धरून काढलेले आहेत. प्रत्यक्षात माणूस उभा राहून छातीच्या उंचीवर हात लावतो. बैठक 600 मिमीची आणि हात 1200 मिमी उंचीवर असतील, तर चाक कड चढण्याआधीच यंत्र पुढच्या चाकांवर उलटते. दोघांनी खांदा लावला की 100 किलोचा जोर सहज होतो आणि तेवढाच उलटायलाही पुरतो. उंच बँडसॉ, पिलर ड्रिल अशी यंत्रे पडतात ती बहुधा अशीच. म्हणून ढकलण्याची दांडी बैठकीलाच, गुडघ्याच्या खाली लावावी. वाकावे लागले तरी चालेल. वाटेतल्या फरशीची कड आधी सिमेंटने सारखी करून घेणे तर त्याहूनही स्वस्त.

चाक कशाचे घ्यावे याला फार पाने खर्च केलेली नाहीत. रबर जमिनीला मऊ, आवाजालाही कमी, पण जड यंत्राखाली महिनोन्‌महिने उभे राहिले की चपटे होते आणि लेथच्या, ड्रिलच्या लोखंडी चिप्स त्यात रुतून बसतात. बिडाचे चाक दणकट आणि हलके फिरणारे, पण शहाबादी फरशीचा टवका उडवते. नायलॉन टणक असते, चपटे होत नाही, चिप्सही फारशा धरत नाही. सुतारकामाच्या आणि हलक्या लोहकामाच्या गाळ्याला मी नायलॉन किंवा चांगल्या प्रतीचे पॉलियुरेथेन सुचवतो. बैठकीने भार पायांवर घेतला की चपटे होण्याचा प्रश्नही तसा उरत नाही.

उंचीचा प्रश्न मात्र बारकाईने पाहावा. चौकटीखाली 100 मिमीचे चाक लावले की कॅस्टरसकट यंत्र 125-130 मिमी वर जाते. सर्क्युलर करवतीचे टेबल कमरेच्या उंचीवरून वर सरकते, खांदे उचलून लाकूड ढकलावे लागते आणि दिवसाअखेर मान भरून येते. त्याहून वाईट म्हणजे हाताचा ताबा कमी होतो, तोही पात्याजवळ. यावर उपाय असा, की चाके यंत्राच्या खाली न घालता चौकटीच्या बाहेर, कानांवर बसवायची आणि यंत्र दोन अँगलच्या मधोमध जवळजवळ जमिनीला लागून ठेवायचे. 50 × 50 × 6 चा अँगल आडवा पंख आत करून वापरला, तर यंत्र अँगलच्या जाडीपेक्षा थोडेच वर जाते. 15-20 मिमीत काम होते. बैठक रुंद झाल्यामुळे कलंडण्याची रेषाही बाहेर सरकते. एकाच बदलाने दोन कामे होतात, म्हणून या पुस्तिकेतल्या बहुतेक आकृत्या याच पद्धतीच्या आहेत. चालणाऱ्याचा पाय कानाला अडखळू शकतो, हा दोष आहेच. कान पिवळे रंगवावेत.

भार चाकांवरून पायांवर कसा उतरवायचा, याच्या तीन-चार तऱ्हा पुढे सविस्तर दिल्या आहेत. सगळ्यात साधी म्हणजे हातगाडीसारखी. जड बाजूला दोन न वळणारी चाके जमिनीपासून दोन-तीन मिमी वर ठेवायची, दुसऱ्या बाजूला नुसते पाय. दांडी लावून पायांची बाजू उचलली की चाके टेकतात, सोडली की यंत्र चारही पायांवर. 180 किलोचे यंत्र, गुरुत्वमध्य चाकांपासून 200 मिमीवर आणि दांडीचे टोक 1200 मिमीवर असेल, तर हातावर 30 किलो येतात. एक माणूस पुरतो. दुसरी तऱ्हा पायपट्टीने खाली दाबल्या जाणाऱ्या कॅस्टरची. ती सोयीची आहे, पण लोक तिथे दाराची बिजागरी वापरतात आणि ती पत्र्याची बिजागरी एक दिवस फाटते. तिथे 16 मिमीची पिन आणि दोन जाड प्लेटी हव्यात. तिसरी तऱ्हा स्क्रूची. कानावर एम16 चा नट वेल्ड करून त्यातून बोल्ट खाली सोडायचा. एका आट्यात 2 मिमी, म्हणजे पाच-सहा आट्यांत यंत्र चाकांवरून सुटते. वेळ लागतो, पण पाणसळ ठेवून यंत्र लेव्हलमध्ये आणण्याची सोय याच एका तऱ्हेत मिळते. रोज हलणाऱ्या यंत्राला पहिली, महिन्यातून एकदा हलणाऱ्याला तिसरी, असा माझा कौल आहे.

यंत्रे पाच-सहाच्या वर असतील तर प्रत्येकाला चाके करणे मला उधळपट्टी वाटते. त्यापेक्षा एक हँड पॅलेट ट्रक घ्यावा. खाली केलेल्या काट्यांची उंची साधारण 85 मिमी असते आणि क्षमता दोन-अडीच टनांची. कॉम्प्रेसर, मोठा थिकनेसर अशा बसक्या यंत्रांखाली 100 मिमीची दोन सी-चॅनेल कायमची बोल्टने जोडून ठेवली की ट्रक आत शिरतो, उचलतो, नेतो. यंत्र नेहमी चॅनेलवर, म्हणजे जमिनीवरच उभे. उंच आणि अरुंद यंत्राला मात्र हे चालणार नाही. काट्यांची रुंदी 540 किंवा 685 मिमीचीच असते आणि वळणावर तोल जातो.

चौकट करताना वेल्डिंगच्या उष्णतेने अँगल पिळतो, हे प्रत्येक वेल्डरला ठाऊक असते, तरी घाईत एक कोपरा पूर्ण भरून मगच दुसऱ्याकडे वळले जाते. आधी चारही कोपरे टॅक करावेत, दोन्ही कर्ण टेपने मोजून सारखे आहेत ना पाहावे आणि मग समोरासमोरचे कोपरे आलटून-पालटून भरावेत. पिळलेल्या चौकटीवर यंत्र बोल्टने आवळले, तर चौकट सरळ होत नाही, यंत्र पिळते. शंभर किलोच्या आतल्या यंत्रांना लोखंड लागतेच असे नाही. आयएस 710 प्रतीच्या मरीन प्लायचे 19 मिमीचे दोन थर चिकटवून, स्क्रूने जोडून केलेली बैठक उत्तम काम देते आणि कंपही शोषते.

लेथबद्दल आता. लेथचा बेड लांब असतो आणि तो केसाइतका जरी पिळला तरी कापणारे टूल जॉबला एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी खाते. सरळ हवा तो शाफ्ट निमुळता होतो. म्हणून लेथ बसवताना मीटरला 0.02 मिमीचा फरक दाखवणारी लेव्हल वापरतात. जागा बदलली की जमीन बदलली, आणि ही सगळी जुळणी पुन्हा करावी लागते. तेव्हा मोठ्या लेथला चाके लावू नयेत, असे मी स्पष्टच सांगतो. त्याची जागा एकदा नीट ठरवावी आणि बाकीची यंत्रे त्याच्याभोवती हलवावीत. टेबलावरचा छोटा लेथ जाड, ताठ चौकटीवर कायमचा बसवून चौकटीसकट हलवता येतो, कारण तिथे पीळ सोसायचे काम चौकट करते. सरफेस ग्राइंडरलाही मोठ्या लेथचाच नियम.

शेवटचे प्रकरण विजेचे आहे. ते बैठकीच्या पुस्तकात कशाला, असे कुणाला वाटेल. पण यंत्र हलू लागले की वायरही हलू लागते. भिंतीतून आलेली, खिळ्यांनी ठोकलेली जोडणी काढून तिथे इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट लावावे लागते. अर्थिंगची तार त्याच केबलमधून यंत्राच्या अंगापर्यंत जायला हवी. यंत्र पूर्वी फाउंडेशन बोल्टने जमिनीशी जोडलेले होते म्हणून अर्थिंग होते, हा समज तेव्हाही चुकीचा होता. केबल चाकाखाली येऊ नये म्हणून ती वरून, छताच्या हुकावरून उतरवावी. आणि थ्री फेज यंत्र एका सॉकेटवरून दुसऱ्यावर नेले, की तिथे फेजचा क्रम वेगळा असू शकतो. मग मोटर उलटी फिरते. सर्क्युलर करवतीवर पात्याचा नट त्या उलट्या झटक्याने सैल होऊ शकतो. गाळ्यातल्या सगळ्या सॉकेटांचा क्रम इलेक्ट्रिशियनकडून एकदाच सारखा करून घ्यावा. ते होईपर्यंत नव्या जागी लाकूड लावण्याआधी यंत्र क्षणभर सुरू करून बंद करावे, पात्याच्या रेषेतून बाजूला उभे राहून ते कुठल्या दिशेला फिरते ते पाहावे आणि उलटे असेल तर मेन बंद करून दोन फेजच्या वायरी अदलाबदल करून घ्याव्यात.